बोलावणीतलं नाव

वेसावे, ४ डिसेंबर २०२४

चि. रोशनीस रुक्मिणी आत्याचे अनेक आशीर्वाद.

कमळ मरोळच्या बाजारात मासळी घेऊन येते, तिच्याकडे हे पत्र दिलंय. फोन करू नकोस. केलास की मी बोलणार, आणि डॉक्टरनं महिनाभर तोंड बंद ठेवायला सांगितलंय. जन्मभर लोकांच्या लग्नात धवले गायले, आता गळ्याची वाट लागली. तुझा कृणालदादा मासेमारीच्या बोटीवर गेलाय, घरात भांडायलाही कुणी नाही.

शेजारच्या नलिनीच्या पोरीच्या लग्नात धवलारीण म्हणून तूच उभी राहा. क्लासमध्ये सूर शिकलीस, चांगलं झालं. पण आमच्या धंद्यात सुराआधी दम लागतो, ओळ मध्ये तुटता कामा नये. आणि भान लागतं. बोलावणीत त्या घरच्या गेलेल्या माणसांना नावानं मांडवात बोलवतात, लग्न लागलं की पाठवणी गाऊन परत धाडतात. पाठवणी तुला अजून येत नाही. तोवर गेलेल्यांची नावं घेऊ नकोस, नुसती चाल घोळव.

कालवण जमतंय का, की अजून नवऱ्यालाच करावं लागतं? माया आहेच, ती वेगळी कळवत नाही.

तुझी आत्या

मरोळ, ७ डिसेंबर

ती. आत्यास रोशनीचा शि. सा. नमस्कार.

झकास बातमी! अंधेरीच्या एका स्टुडिओत सिरियलमधल्या लग्नासाठी धवला हवा होता. मी बोलावणी गायले, अगदी दम न तोडता. तू ऐकायला हवी होतीस. संगीतकार म्हणाले, नाव हवं, नाहीतर पोकळ वाटतं. चिडू नकोस, तुझं ऐकलं ना मी. गेलेल्यांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही. जिवंत माणसाचं घेतलं, आपल्या कृणालदादाचं. चालीत काय बसलंय म्हणून सांगू! आला की त्याला ऐकवू.

गळा जप. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी रोशनी

वेसावे, ९ डिसेंबर

चि. रोशनीस आशीर्वाद.

काय करून बसलीस गो? बोलावणीत नाव येतं ते गेलेल्याचंच. जिवंत माणसाचं तिथं कुणी घेत नाही, हे सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. बरोबरच्या बोटी काल आल्या, आपली नाही. वायरलेसवर उत्तर नाही. मला भीती वाटतेय.

सकाळी मीच पाठवणी म्हणायला उभी राहिले. आवाज फुटला नाही, पदराला रक्त लागलं. आता तूच गा. शब्द मागच्या बाजूला लिहिलेत, चाल बोलावणीचीच. नाव घेऊन त्याला त्याच्या घरी, त्याच्या ताटावर पाठव. ओळ तोडू नकोस. तोडलीस तर माणूस अर्ध्या वाटेत राहतं.

आत्या

मरोळ, १० डिसेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

गायले. दादाचं नाव आलं आणि हुंदका आला, ओळ तुटली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच. ते गाणं काढून टाका म्हणून स्टुडिओत हातापाया पडले. ते हसले, म्हणाले सोमवारी भाग लागणार. रडू येत असताना कसं गायचं हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नाही गं. बोट आली का? कमळच्या हाती एक ओळ तरी पाठव.

रोशनी

वेसावे, ११ डिसेंबर

चि. रोशनीस आशीर्वाद.

बोट आली. सगळे उतरले. खलाशी सांगतात, मशीन बंद पडलं होतं, तेव्हा भर दुपारी कृणाल म्हणाला की रोशनी हाक मारतेय.

घरी आला, पण उंबऱ्यावरच बसलाय. हात धरून ओढलं तरी आत येत नाही, बाहेरही जात नाही. ताट आत वाढून ठेवलंय, ते निवून गेलं. तो एकच विचारतो, "मांडव कुठे घातलाय?"

तुझ्या वाटचं मी रडून घेतलंय. तू आता रडू नकोस. लोभाचं नंतर बघू. पाठवणी गायला श्वास भरून ये.

आत्या