बक्षीसपत्राला शहाणा, मृत्युपत्राला वेडा

लोणीच्या ग्रामस्थांनो आणि माझ्या वारसांनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्याकडे माणसाची जीभ अडखळली की त्याचं डोकं गेलं, असं ठरवून टाकतात. मग त्याच्या वाटचं बोलणं दुसरे बोलतात आणि त्याच्या वाटचे कागद दुसरे करतात. असा एक माणूस तुमच्यापैकी कित्येकांच्या पडवीत बसलेला आहे. गेल्या वर्षापासून माझ्या पडवीत तो माणूस मी आहे.

म्हणून मी, सयाजी रामभाऊ वाळुंज, वय सहासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार लोणी, तालुका आंबेगाव, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितो आहे. माझी समज शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. असलाच तर तारखेचा आहे, कारण शुक्रवारी हा कागद नोंदवायचा आहे आणि तो नोंदवू नये असा अर्ज नोंदणी कचेरीत आधीच जाऊन पडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वाचणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं. मला लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. हे वाक्य मी आत्ताच लिहिलं. वर नजर टाकली तर तिथं मुंग्यांची रांग दिसते. मागं जाऊन खोडणं मला शक्य नाही. एखादी गोष्ट दोनदा आली तर दोनदा ऐकून घ्या. माझी भाषणं तुम्ही तशीच ऐकली आहेत.

कलम एक. माझ्या मिळकतीत पहिलं माझं डोकं, कारण भांडण त्याच्यावरच आहे.

मागच्या फेब्रुवारीत मंचरच्या सभेत बोलताना "बंधू-भगिनींनो" म्हणालो आणि पुढचं वाक्य आलंच नाही. पुन्हा "बंधू-भगिनींनो". तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा लोक हसले, आणि मी खाली बसलो तो कलंडलोच. पुण्यात डोक्याचा स्कॅन झाला. तो घेऊन आम्ही मंचरच्या डॉ. आरती शेवाळे यांच्याकडे गेलो. बरोबर माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र होता, मंचरचा कापडवाला धरमचंद मुथा. बाई म्हणाल्या, "गुरुजी, मेंदू म्हणजे एक गाव समजा. वरच्या सालीत घरं आहेत. शब्दांचं घर, अक्षरांचं घर. तुमच्या या घरांतले दिवे शाबूत आहेत. पण गावाला वीज देणारा डीपी खोलात असतो, त्याला झटका बसलाय. म्हणून तुम्ही एक शब्द मागता आणि कधी भलत्याच घरात दिवा लागतो. पाठ झालेलं वेगळ्या वाटेनं येतं, म्हणून 'बंधू-भगिनींनो' खणखणीत येतं."

"आणि वाचायचं काय?" धरमचंदनं विचारलं.

"डोळ्याकडून अक्षरांच्या घराकडे जाणारी वायर खोलातच तुटली. हाताकडे जाणारी वायर वेगळी आहे. ती चालू आहे, म्हणून लिहितात."

"म्हणजे वेडबिड काही नाही? नुसतं लाइनमनचं काम?"

"वेड अजिबात नाही. त्यांना सगळं समजतंय."

"ते आधीही समजायचं, पण दुसऱ्याला काही समजतं हे त्यांना पटायचं नाही."

एवढं माझ्या डोक्याबद्दल. स्कॅनच्या फिल्मा आणि बाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम दोन. लोणीतलं माझं तीन खोल्यांचं घर मी माझ्या पगारातून बांधलं. ते, आतल्या भांड्याकुंड्यांसकट, माझी पत्नी प्रयागबाई हिला पूर्ण मालकी हक्कानं देतो. विकावं, ठेवावं, भाड्यानं द्यावं, तिची मर्जी. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

मी आयुष्यभर बाहेर बोललो आणि घरात हिला बोलू दिलं नाही. आजारानंतर एकदा चहा मागायचा होता, तोंडातून निघालं, "ठराव आण." ही आत गेली आणि चहाच घेऊन आली. म्हणाली, "घ्या. चाळीस वर्सांत तुमचा पयला ठराव मंजूर झाला." डॉक्टरांच्या आधी माझी चुकलेली वायर हिनं जोडली होती. असल्या बाईला साठाव्या वर्षी माहेरी, मढला, भावाच्या दारात जाऊन बसावं लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

कलम तीन. बक्षीसपत्र.

माझा पुतण्या सुदर्शन माझ्या हाताखाली वाढला. दिवाळीनंतर तो एक कागद घेऊन आला. "काका, घरपट्टीचा कागद हाये. वाचा आन् सही करा." त्यानं वाचा म्हटलं, हे मी लपवत नाही. मला वाचता येत नाही हे तोवर डॉक्टरबाई, धरमचंद आणि प्रयागबाई यांनाच माहीत होतं. मी कागद हातात घेतला, ओळींवरून नजर फिरवली, पान उलटलं, मान डोलावली आणि झोकदार सही केली. त्यानं मला फसवलं हे खरं. मीही वाचल्याचं सोंग केलं, हेही खरं. पन्नास वर्षं वाचणाऱ्या माणसाला "वाचता येत नाही" हे तीन शब्द तोंडातून काढता आले नाहीत, आणि त्या वेळी जीभ ठीक होती.

कागदाची एक प्रत मागं राहिली होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "डोळा अडला तर बोटानं गिरवा, हात वाचेल." पहिलीच्या पोरांकडून गिरवून घेतलं तसं मी मथळ्यावर बोट फिरवलं. ब. मग क्षी, त्या जोडाक्षरानं तीनदा दमवलं. मग स. बक्षीस! मला वाटलं, घरपट्टी वेळेवर भरणाऱ्यांना पंचायत बक्षीस देते की काय. मग प आणि त्र आले, आणि हात थांबला. पुढचं धरमचंदनं वाचलं. घर सुदर्शनला बक्षीस दिलं आहे आणि त्यात दुसऱ्या कुणाचाही राहण्याचा हक्क उरलेला नाही.

मी जाब विचारला. शब्द भलतेच येत होते, पण त्याला कळलं. म्हणाला, "काका, तुमी वाचून सही केली. अख्खा गाव सांगंल, वाळुंज गुरुजी न वाचता सही करत न्हाईत." आणि मी मृत्युपत्र करतोय हे कळताच त्याचाच अर्ज गेला, की चुलत्याचं डोकं ठिकाणावर नाही. बक्षीसपत्राला मी शहाणा आणि मृत्युपत्राला वेडा! ग्रामस्थांनो, एकाच डोक्याचे हे दोन भाव कोणत्या बाजारात चालतात?

ते बक्षीसपत्र नोंदवलेलं नाही. ते मला मान्य नाही.

कलम चार. झुंबरबाई, आमच्या आळीतली, वय सत्तरच्या पुढं. साक्षरता अभियानात, एक्क्याण्णव-ब्याण्णव साली, मी चावडीपुढच्या सभेत गरजलो होतो की अंगठा म्हणजे चिखलात उमटलेला बैलाचा खूर. ती उठली. "गुर्जी, आंगठा माजाच हाये ना? चोरून तर न्हाई आनला?" लोक हसले. मी माईक धरून ती खाली बसेपर्यंत बोलत राहिलो.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो आणि मला वाचता येत नाही हे कसंबसं सांगितलं. तिनं डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. "मंग कागद कुनाकडनं वाचून घेता?"

"धरमचंद."

"येकाकडनं नका घेऊ. दोगांकडनं घ्या, येगयेगळं बसवून. येकाला दुसऱ्याचं कळू द्यायाचं न्हाई. जमिनीचे कागद मी जलमभर तसंच ऐकले. आजवर कुनी बुडवलं न्हाई."

मी हजारो लोकांना अक्षरं शिकवली, पण हे शिकवलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. झुंबरबाईला माझ्या सत्काराच्या अकरा शाली आणि माझी माफी देतो. माफी मिळकतीत धरावी.

हे कितवं कलम? धरमचंद सांगतो, पाचवं.

कलम पाच. माझी चारशे पुस्तकं धरमचंदला. तो दर सोमवारी मला वाचून दाखवतो आणि लबाडी करतो. "सयाजीराव, हे प्रकरण लई रटाळ आहे, पुढं जाऊ?" नको. नंतर तुझीच आहेत, तेव्हा हवी ती पानं गाळ. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानंच करावी.

कलम सहा. ओढ्याकाठचं तीस गुंठे रान मी स्वतः घेतलेलं आहे. ते सुदर्शनला देतो. रागानं लिहिलं असतं तर हे कलम आलं नसतं. पण त्या रानात बारा वर्षं तो राबला आहे, मी फक्त बांधावर उभा राहून भाषण केलं.

सुदर्शन, रानाला माझी अट नाही. तुझा अर्ज टिकतो की नाही ते अधिकारी बघतील. मी तुला एकच काम सांगतो. तुझ्याजवळचं बक्षीसपत्र फाडू नकोस. शुक्रवारच्या आत ते घेऊन घरी ये, काकूच्या समोर बस, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता, तिला मोठ्यानं वाचून दाखव.

सही: सयाजी रामभाऊ वाळुंज

साक्षीदार: आम्ही हे मृत्युपत्र वेगवेगळ्या खोल्यांत, एकानंतर एक, गुरुजींना पूर्ण वाचून दाखवलं. दोन्ही वेळा त्यांनी प्रत्येक कलमाला स्वतः होकार दिला, मग आमच्या दोघांच्या समक्ष सही केली. आम्हीही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

१. डॉ. आरती शेवाळे, मंचर (सही)
२. धरमचंद मुथा, मंचर (सही)

ठिकाण: लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे
दिनांक: १० फेब्रुवारी २००४