वर्लिनमामांच्या चार खुणा

सेडार बेंड, नेब्रास्का
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय वर्लिनमामा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब, दोन्ही ठीक असावेत. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आपल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हकीकत लिहून पाठवते.

१. सामने झाले नऊ. जिंकले आठ, हरलो एक.
२. गेल्या वर्षी तुमच्या हाताखाली सामने दहा, जिंकलेले शून्य.
३. खेळाडू बहुतेक तेच.
४. प्रशिक्षक मैदानाच्या कडेने करतात त्या खुणाही त्याच. तुमच्याच.

चौथा मुद्दा वाचून तुम्ही चष्मा काढला असेल. परत लावा.

तुम्ही टोपीला हात लावलात की चेंडू घेऊन उजवीकडे पळायचं, पट्टा वर ओढलात की डावीकडे, पोट चोळलंत की लांब फेक, नाक शिंकरलंत की लाथेने लांब मारायचा. या खुणा तुम्ही बावीस वर्षं बदलल्या नाहीत. गेल्या डिसेंबरात जुन्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा ६१२ पैकी ५४७ डावांत समोरचा संघ चेंडू हलण्याआधीच योग्य बाजूला सरकलेला दिसला. (शेजारच्या ब्रॅडिश कॉलेजच्या मैदानावरची लाह्या विकणारी बाई तर चित्रफितीत स्पष्ट ऐकू येते: "वर्लिननं पोट चोळलं रे! मागे व्हा, मागे व्हा!") सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. तोंडावर कोणी बोललं नाही, कारण तुम्ही भला माणूस आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं. आपल्याकडे माणसाला वाईट वाटू नये म्हणून बावीस वर्षं हरू देतात.

नवे मुख्य प्रशिक्षक होलुब यांनी खुणा बदलल्या नाहीत, फक्त त्यांचा अर्थ काढून टाकला. ते टोपीला हात लावतात, समोरचे अकरा जण उजवीकडे धावतात आणि आपला मुलगा डावीकडून एकटाच, शेतावर फेरफटका मारावा तसा, पलीकडे पोचतो. खरा आदेश कडेला आकडे टिपत उभ्या असलेल्या माझ्या हातातल्या कागद अडकवायच्या फळीवरून जातो: उभी, आडवी, काखेत. फळी घेतलेल्या मुलीकडे कोणी पाहत नाही. (एका सामन्यात समोरच्या प्रशिक्षकांनी "जरा धर गं" म्हणून स्वतःचं जाकीट माझ्या हातात दिलं. मी धरलं. त्या डावात आपले सहा गुण झाले.)

धान्याच्या कोठारासमोरच्या हॉटेलात तुमची जुनी मंडळी शनिवारी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खात होलुबची सालटी काढतात. "नक्कल ठीक आहे रे, पण पोट कुठंय त्याला? बरगड्याच चोळतो!" असं म्हातारे ऑर्विल म्हणाले. होलुब शांतपणे म्हणाले, "वाढवतोय, काका. अजून एक रोल द्या." आठव्या विजयानंतर त्याच ऑर्विलनी टोपी काढून त्यांना उठून जागा दिली. चर्चची घंटा वाजली, अग्निशमनाची गाडी गावभर फिरली आणि मी, मोजून दोनदा, ओरडले.

नववा सामना काल हरलो. कोणाला तरी कळलं, की खुणा खोट्या आहेत. आता हे सगळ्यांना माहीत आहे. १५ तारखेला शनिवारी ब्रॅडिश. जो जिंकेल त्याला विजेतेपद.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
मारिट

ता. क. १ : आता तुमच्या खुणांवर कोणाचाच विश्वास नाही. म्हणजे त्या दिवशी सर्वांत सुरक्षित त्याच. होलुब म्हणतात, "वर्लिन स्वतः कडेला उभे राहिले तर ब्रॅडिशवाल्यांना वाटेल, हा नाटकाचा कळस झाला." तर तुम्ही यावं, खुणा कराव्या आणि मुलं तुमची प्रत्येक खूण अक्षरशः पाळतील. कोणता डाव कधी, ते तुम्ही ठरवायचं. होलुब मध्ये बोलणार नाहीत. तसं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.

ता. क. २ : डिसेंबरातली मोजणी मी केली होती. बावीस पानं कॉलेजला मीच दिली आणि त्यावरून तुम्हाला काढलं. ती त्यांनी दिली असं समजून तुम्ही अकरा महिने तुमच्या सहायक प्रशिक्षकांशी बोलत नाही. त्यांचा काही दोष नाही. आकडे बरोबर होते. आधी तुम्हाला दाखवायला हवे होते. ते मी टाळलं, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं.

ब्रॅडिशसाठीचा सराव सोमवारी, १० तारखेला सुरू होतो. येणार की नाही, ते रविवार, ९ नोव्हेंबरला संध्याकाळी सहापर्यंत मला फोनवर कळवावं.