काळ्या पडद्यामागची रोपं

४ नोव्हेंबर
गॅरेजमधून स्कूटर बाहेर, रोपं आत. लेक रानवांग्याच्या बुंध्यावर टोमॅटोचा शेंडा बसवते — दोन्ही तिरके कापायचे, जोडायचे, चिमटा लावायचा. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची! मग आठवडाभर काळ्या पडद्याआड, दमट अंधारात. "आई, पडदा उघडायचा नाही. वारं लागलं की माना टाकतात."
हे म्हणाले, "नोकरी शोधायची सोडून बाईसाहेब नोकरी द्यायला निघाल्या."

५ नोव्हेंबर
पहिली नोकरी दिलीसुद्धा. शिंपीणबाईंच्या मुलीला. बारावी झाल्यापासून घरीच बसून होती. ब्लेड असं चालवते की बघत राहावं. "काकू, शिवण चुकली तर उसवता येते. हे नाही."
ही खेप जगली तर ती घेणारी रोपवाटिका मोठं काम देणार. मग आणखी दोघी लागतील.

७ नोव्हेंबर
पण जोड जुळतो कसा? आधी गाठ धरते की आधी रस चढतो? शाळेत मुलांना मीच सांगते — प्रश्न पडला की जाऊन बघा. पडदा बोटभर सरकवला. बोटभरच.

८ नोव्हेंबर
पुन्हा. भिंग घेऊन.

१० नोव्हेंबर
पुढच्या रांगांनी माना टाकल्या. लेक त्या मुलीवर घसरली — "साधा पडदा लावता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस." ती माझ्याकडे बघत होती. मग एवढंच म्हणाली, "टाकणार असाल तर ही मी नेते." ट्रे उचलून गेली.
मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

११ नोव्हेंबर
तिने मला पाहिलं असेल का? — पण हा प्रश्न तरी कशाला? पाहिलं नसेल तर पडदा मी सरकवला नव्हता की काय?

१२ नोव्हेंबर
लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "तिचं काम गेलं, आई. तुझ्या भिंगापायी." चपला घालून निघाली. मागोमाग मी.
शिंपीणबाईंच्या मशीनखाली ओल्या फडक्याचा तंबू. आत आमची रोपं — निम्मी ताठ!
मी माफी मागितली. "पाहिलं होतं, काकू. पण मालकिणीच्या आईचं नाव घेतलं असतं, तर ऐकलं असतं कुणी?"
लेक खाली बघत म्हणाली, "परत ये."
"विचार करून सांगते."

१३ नोव्हेंबर
आली. पगारावर नाही — भागीदार म्हणून. नव्या दोघींना तीच निवडणार. आणि काकूंनी गॅरेजमध्ये यायचं ते आधी हाक मारून.