बाबांनी पुसलेली फाइल

दादा,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहितेय. सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "डिस्क गेली." माझा सगळा प्रबंध त्यात होता! मग बाबांनी गेल्या महिन्यात घेतलेला पूर्ण डिस्कचा बॅकअप काकांनी नव्या डिस्कवर चढवला. प्रबंध मिळाला. पण बाबांनी नंतर पुसून टाकलेली एक फाइलही परत आली. त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनचे कागद आहेत रे. तारीख आजची! आणि आपल्याला सांगून गेले, ऑफिसच्या कामाला दोन दिवस बाहेरगावी जातोय.

मी निघाले. फाइल उघडीच ठेवलीय, हॉस्पिटलचा पत्ता त्यात आहे. आईला घेऊन लगेच ये, वाटेत तिला जरा सांभाळून सांग.

फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' यापुढे त्यांनी लिहिलंय, 'कोणी नाही.'