डाकेच्या विमानातली जागा

११ एप्रिल १९५५, वरोरा

नाही म्हणजे नाही! मुख्याध्यापिका इंदिराबाईंनी रजेचा अर्ज परत केला. तीस तारखेला सकाळी निकाल, तो लावल्याशिवाय वर्गाच्या बाईंनी हलायचं नाही. आणि एक तारखेला सकाळीच चैतूचं जहाज मुंबईहून सुटणार. आगगाडीनं गेले तर दुपारी पोचेन — रिकामा धक्का बघायला! पाच वर्षं आफ्रिकेत राहणार तो. आई गेली तेव्हा दोन वर्षांचा होता. माझ्याच कडेवर वाढलाय माझा भाऊ.

१२ एप्रिल

बाबांना कसली रजा? ते जाऊ शकतात. तलावावरून आल्यावर विचारलं. जाळं झटकत म्हणाले, "मले काई काम नाई त्याच्याशी." दोन वर्षं झाली, त्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. चैतू चारचौघांत बोलून गेला होता, आमच्या घराले मासोळीचा वास येते म्हणून. चुकलंच त्याचं. पण राग किती दिवस धरायचा!

१६ एप्रिल

विमान! नागपूरहून रात्री निघालं की पहाटे मुंबई. भाडं ऐकून मात्र डोळे पांढरे झाले.

१९ एप्रिल

शेवटी इंदिराबाईंनाच माझी दया आली. त्यांचे भाऊ नागपूरच्या विमानतळावर आहेत. रात्रीच्या डाकेच्या विमानात एखादी जागा कधीकधी निम्म्या भाड्यात देतात म्हणे. अट एकच — डाक चढवून वजन उरलं तरच माणूस घेणार. आधी कुणी शब्द देत नाही.

२४ एप्रिल

पाटल्या विकल्या. बाबा भडकले. "उडत्या पेटीत बसून मराले जाऊन राह्यली का? काऊन, त्याच्यासाठी?"

"हो, त्याच्यासाठीच!" मीही ओरडले. दोघंही न जेवता निजलो.

२७ एप्रिल

डाक जास्त निघाली तर? दुसरं काही सुचत नाही.

३० एप्रिल, मोटार स्टँडवर

निकाल लावून धावत आले, तर बाबा आधीच इथे बसलेले! "एकट्या पोरीले रातच्याले कसं सोडू?" एवढंच बोलले. मला बरं वाटलं.

१ मे, नागपूर

विमान गेलं. मी इथेच आहे.

डाक जास्तच निघाली. काट्याजवळचे बाबू म्हणाले, शंभर पौंडांच्या आतला माणूस असेल तरच चढवतो. मी एकशे बारा भरले. पिशवी ठेवली, चपला काढल्या — व्यर्थ! तिथेच रडू फुटलं. तेव्हा बाबांनी डोक्याचं मुंडासं सोडून माझ्या हातात दिलं आणि स्वतः काट्यावर उभे राहिले. सत्त्याण्णव! बाबूंनी तिकिटावरचं नाव बदललं.

बाबा शिडीपाशी जाऊन मागे वळले.

"कमळे, चैतूले काई सांगाचं हाये का?"