डोळ्यांना न दिसणारी गळती

गुरुग्राम, मंगळवार संध्याकाळ

आज सही केली नाही. बरोबर केलं का? पानिपतच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचा कोळसा बंद करून आमची कंपनी त्यांना गॅस देणार आहे. पाइपलाइन माझ्या सहीशिवाय सुरू होत नाही, आणि चाचणीत एका जोडाशी गॅस गळताना सापडलाय. थोडासाच, डोळ्यांना न दिसणारा. पण न जळता हवेत गेलेला गॅस धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. मग हा सगळा बदल कशासाठी?

आमचे साहेब वैतागले. "मॅडम, इतनी सी लीकेज के लिए कोयला जलता रहे?"

घरी येऊन दिल्लीत आर. के. पुरमला बाबांना फोन केला, गळतीचं सांगितलं. त्यांना दमा आहे. दिल्लीच्या बस गॅसवर आल्या तेव्हा पुन्हा श्वास घेता आला, असं ते अजून सांगतात.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"महिना तरी."

"तोवर तिथली माणसं धूरच खाणार?"

"हो, बाबा."

ते खोकत राहिले.

मग म्हणाले, "तरी सही करू नकोस."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.