उष्टावणाआधीचं सूप

झाशी,
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९७६

श्री. लालासाहेब दाजी यांस,

झाशीहून तुमचा मेहुणा कृष्णात याचा वाकून नमस्कार. वाकलोच आहे तर पत्र संपेपर्यंत तसाच राहतो, कारण मान वर करून तुमच्याशी बोलावं असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. माझी तब्येत चांगली आहे, नको तेवढी चांगली आहे. तुमचा गुडघा, कारखान्यातलं लेथ मशीन आणि कुपवाडच्या खोलीवर हातानं थापलेल्या भाकरी, तिन्ही धडपणे चालत असतील असं धरून चालतो. मातोश्री अंबूमावशींना शिरसाष्टांग दंडवत. (दंडवत लांबूनच बरा. जवळ गेलं की त्या पाठीत आशीर्वाद घालतात, आणि त्यांचा हात जड आहे.) चि. सयाजीला मामाचा पापा. त्याला चार दात आले असं आईच्या कार्डातून कळलं. आक्काला काय लिहावं ते सुचत नाही.

पत्र मुद्दाम तुमच्या खोलीवर टाकतोय. कुंडलला घरी टाकलं असतं तर मावशींनी पोस्टमनला ओसरीवर बसवून त्याच्याकडूनच वाचून घेतलं असतं. माघात मी भाच्याच्या उष्टावणाला म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आलो आणि उष्टावण दोन दिवसांवर आलेलं असताना कुणाला न सांगता पळालो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. बुधवारी तुम्ही कारखान्यातून घरी आलात तेव्हा मी भोपाळ गाठत होतो. म्हणजे तुम्ही जे ऐकलंत ते सगळं मावशींच्या तोंडचं. त्यात खोटं काही नाही दाजी. पण जे त्यांनाच माहीत नाही ते त्या कुठून सांगणार? ते माहीत असलेली माणसं दोनच. त्यातला मी पळालो आणि आक्का गप्प बसली.

माझा पाय एका जागी ठरत नाही हे तुम्हाला सांगायला नको. चौथीतून शाळा सोडली, कराडला हॉटेलात भजी तळली, ट्रकवर क्लीनर झालो, तुम्ही शब्द टाकून फाउंड्रीत चिकटवलंत तर अकराव्या दिवशी तिथनंही सुटलो. इथं मात्र दीड वर्ष झालं. साहेब रेल्वेतले मोठे आहेत, बंगला आहे, आणि रहिमान चाचा म्हणून म्हातारे आचारी आहेत, त्यांच्या हाताखाली मी. साहेबांचा बबलू आठ महिन्यांचा. मेमसाहेब रोज अकराच्या सुमाराला त्याच्यासाठी भाज्यांचं सूप करवून घेतात. दुधी, गाजर, पालकाची दोन पानं, मूठभर मुगाची डाळ, सगळं मऊ शिजवायचं, घोटायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि कोमट झालं की चमच्याचमच्यानं पाजायचं. बबलू असा गुबगुबीत झालाय की त्याला उचलून घेतलं की आपल्याला धाप लागते. सूप चाचा करतात. मी गाजरं सोलतो. पण दीड वर्षांनी गावाकडं आलेला माणूस गाजरं सोलतो असं सांगत नाही. मी सांगितलं की सूप माझ्या हातचं असतं आणि मेमसाहेब दुसऱ्या कुणाला चुलीजवळ फिरकू देत नाहीत.

आता सयाजी. दाजी, तुमचं लेकरू काटक आहे, त्यात वाईट काही नाही. पण मी त्याला मांडीवर घेतलं आणि मला बबलूचं वजन आठवलं. इथंच खरं बिघडलं. मी माजघरात बसून मावशींना सांगितलं की याला रोज वाटीभर भाजीचं सूप चालू करा, शहरात दवाखान्यातसुद्धा हेच सांगतात. मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यात लेकरू खीर खातंय. पाला शेरडं खात्यात." (हे बोलताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्यातलं शेरडू कोण ते लगेच कळलं.) शिवाय उष्टावण गुरुवारी. त्याआधी लेकराच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जायचं नाही, आणि पहिला घास मामानंच घालायचा. मी म्हटलं, मामा तर हा बसलाय की. त्या म्हणाल्या, बसलाय तर गुरुवारपर्यंत बसून राहू दे. एवढं सोपं काम होतं, दाजी. नुसतं बसायचं. तेही मला जमलं नाही.

सोमवारी मावशी उष्टावणाची बोलावणी करायला बाहेर पडल्या. (गावात चाळीस घरं करायची आणि प्रत्येक घरी बसायचं, म्हणजे संध्याकाळची निश्चिंती.) भाजी मी आदल्या दिवशी पलूसहून आणून वैरणीत लपवली होती. आक्का आधी नको म्हणाली, मग नुसतं बघ म्हणाली, मग चूल पेटवून दिली. तुम्हाला ठाऊक आहे, ती मला कधी नाही म्हणू शकली नाही, लहानपणी स्वतःच्या ताटातला गूळसुद्धा माझ्याकडं सरकवायची. भाज्या शिजल्या. घोटायला काही नाही म्हणून मी पाट्यावर वाटल्या, आणि चव बघायला बोट तोंडात घातलं तर टाळूला आग लागली. पाट्यावर सकाळीच मिरची वाटलेली. ते सगळं रेडकापुढं ठेवलं. रेडकानं हुंगलं आणि माझ्याकडं बघून मागं सरलं. दुसऱ्या खेपेला रवीनं घुसळलं. भिंतीवर जे हिरवे शिंतोडे आहेत ते तेव्हाचे. गाळायला मलमल पाहिजे होती, तर कपाटात तुमचा लग्नातला फेटा घडी घालून ठेवलेला दिसला. त्याचं नुसतं टोक वापरलं. फेट्याचं टोक कशानं रंगलं याचा तुम्ही तपास चालवलाय असं ऐकलं. तो आता बंद करा आणि उंदरांवरचा आळ काढून घ्या.

रंगावरूनच पुढचं सगळं घडलं. झाशीची गाजरं लालभडक, त्यामुळं बबलूचं सूप कसं डाळिंबासारखं दिसतं. आपल्याकडची गाजरं फिक्कट. माझं सूप झालं ते नांगरटीतल्या पावसाच्या पाण्यासारखं. आक्कानं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मेमसाहेबाचं लेकरू ह्ये पितंय व्हय रं?" ती हसत नव्हती, पण मला ते लागलं. रंग आला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पिशवीत बिटाचे दोन गड्डे होते. भाजीवालीनं ताजे आहेत म्हणून गळ्यात घातलेले. बबलूच्या सूपात बीट कधी पाहिलेलं नव्हतं, पण भाजी ती भाजी. दोन्ही किसले, शिजवले, पिळले. दाजी, काय रंग आला. आक्कासुद्धा बघत राहिली. म्हणाली, "दोन चमचं घाल आन् वाटी धुऊन ठेव. आत्तींना कळलं तर तुझ्याआधी मी मरीन."

दोन चमचे मी घातले. तिसऱ्याला सयाजीनं स्वतःच तोंड पुढं केलं. ओठ चाटले, माझं बोट धरलं आणि वाटीकडं ओढलं. तुम्ही बाप आहात, तुम्हाला कळेल. त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा अन्न चाखलं ते माझ्या हातून, आणि त्याला आवडलं. मी थांबायला पाहिजे होतं. मी वाटी संपवली. मग अर्धी आणखी भरली. आक्का दाराशी उभी राहून मावशी येतात का ते बघत होती, तिला वाटलं मी दोनवरच थांबलो. तिचा त्यात काही दोष नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

मंगळवारी सकाळी मावशींनी लंगोट बदलायला घेतला आणि हातातच धरून राहिल्या. लालभडक. पुढं काय झालं ते त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण माझ्या जागेवरून ते कसं दिसलं ते ऐका. गावात दृष्टीचं बघणाऱ्या सुलाबाईंना बोलावलं, त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि बाहेरून आलेल्या माणसाची लागली असं सांगून माझ्याकडं बघितलं. (सुलाबाईंचं हे पहिल्यांदाच बरोबर निघालं.) पोरगं मधल्या मध्ये खिदळत होतं. मला मात्र ते दिसतच नव्हतं, मला नुसता लंगोट दिसत होता. आपण आपल्या भाच्याच्या पोटात काहीतरी फाडलं असंच मी धरलं. आक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मी खाली बघितलं. मग सगळे एस.टी.नं पलूसला डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, आणि काय खायला दिलं होतं असं विचारलं. मावशी ताठ बसून म्हणाल्या, "त्येच्या तोंडात दुधाबिगर थेंब न्हाई गेला. गुरुवारी त्येचा मामा घालणार हाय." आणि मी, तो मामा, मावशींची उन्हाची छत्री धरून दारात उभा. दाजी, तेव्हा चार शब्द बोलायचे होते. मी बीट घातलं होतं. डॉक्टरांनी जागच्या जागी सांगितलं असतं की काही नाही, रंग आहे. मी ते चार शब्द मोजून तयार ठेवले होते. पण डॉक्टर आक्काकडं वळले, अंगावर पाजताय ना, तुमच्या खाण्यात काही आलं का असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आधी आक्का बोलली, "माझंच चुकलं. ठेचा खाल्ला मी. लय खाल्ला."

आक्का ठेचा खात नाही. तिला तो कधी सोसलाच नाही.

मी म्हटलं, सोडा घेऊन येतो. कुणी सोडा मागितला नव्हता. छत्री दाराला टेकवली आणि चालत सुटलो तो किर्लोस्करवाडी स्टेशनावर थांबलो. माझी पत्र्याची पेटी तुमच्याकडंच राहिली. गाडीत समोरच्या बाईच्या मांडीवर एक तान्हं होतं, ते पुण्यापर्यंत माझ्याकडं बघत होतं.

इथं येऊन तीन आठवडे मी सूपाच्या पातेल्याला हात लावला नाही आणि पोस्टमन दिसला की गच्चीवर जाऊन बसायचो. शेवटी रहिमान चाचांनी धरून बसवलं आणि विचारलं. मी सगळं ओकलो. ते इतके हसले की त्यांची विडी कढईत पडली. म्हणाले, बीट खाल्लं की असंच होतं, हे तर आपल्या धोब्यालासुद्धा ठाऊक आहे. माझा विश्वास बसेना. मी बिटाचे चार गड्डे उकडून एकट्यानं खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसलं ते बघून मी संडासात बसून हसलो, आणि हसता हसता जे रडायला आलं ते थांबेना. बाहेर माळी खोळंबला होता. त्यानं तेव्हापासून मला मूळव्याधीचा पाला आणून द्यायला सुरुवात केली आहे, आणि मी तो मुकाट घेतो.

त्यानंतर मसूरहून आईचं कार्ड आलं. गुरुवारी मामा नाही म्हणून शेजारच्या बिराप्पाला पाटावर बसवून मामा केलं, आणि सयाजीनं त्याच्या हातची खीर तीनदा थुंकली. ते वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. पुढं लिहिलं होतं की आक्काचं तिखट तोडलं आहे, तिला वेगळं आळणी जेवण असतं, आणि जिला स्वतःची जीभ आवरत नाही तिच्या हवाली लेकरू करून माहेरी धाडणार नाही असं मावशींनी सांगितलंय. म्हणजे चैत्रातल्या जत्रेला आक्का मसूरला येणार नाही. आई वर्षभर त्या चार दिवसांकडं डोळे लावून असते. वीस वर्षांचा बाप्या वाटीभर सूप पाजतो आणि दोन बायका त्याची शिक्षा भोगतात.

तर दाजी, तुम्ही शहाणे आहात, मावशी तुमचं ऐकतात. एखादा बरा दिवस बघून, त्यांचं जेवण झाल्यावर, पान लावून देऊन, हळूच विषय काढा. आधी बिटाचे गुण सांगा. मग म्हणा, कृष्णात लहान आहे, त्याला कळत नाही. आणि आक्कानं ठेचा खाल्ला नव्हता एवढं त्यांच्या कानावर घाला. माझं नाव घेतलंत तरी चालेल.

तुमचा अपराधी मेहुणा,
कृष्णात

ता. क. वरचं लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. हे पुन्हा पळणंच झालं, फक्त या खेपेला मी तुम्हाला पुढं ढकललंय. म्हणून शेवटचा परिच्छेद रद्द समजा. मी रजा मागितली आहे आणि पाडव्याच्या आधीच्या रविवारी कुंडलला उतरतोय. तुम्ही त्या दिवशी घरी असताच. हे पत्र खिशात ठेवून या. ताटं वाढेपर्यंत मी आपण होऊन मावशींना सांगितलं नाही, तर पत्र काढा आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. मी उठायला लागलो तर बिराप्पाला दारात बसवा.

ता. क. दुसरा. वाचायची वेळ आलीच तर कंसातलं तेवढं सोडून वाचा.

ता. क. तिसरा. मी येतोय हे आक्काला आधी कळू देऊ नका. मला वाचवायला ती आणखी काहीतरी स्वतःवर घेऊन मोकळी होईल.